नेव्हिल व्हिन्सेंट

नेव्हिल व्हिन्सेंट (इ.स. १९०२ – २९ जानेवारी, इ.स. १९४२) हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले वैमानिक, ब्रिटनच्या शाही हवाई दलातील माजी अधिकारी आणि भारतातील टाटा हवाई टपाल सेवेचे एक संस्थापक होते. गावोगावी विमानाची प्रात्यक्षिके दाखवीत आणि हौशी लोकांना आकाशात फिरवून आणीत ते भारतात हिंडले. या भ्रमंतीतूनच त्यांना कराची ते मद्रास या टपालमार्गाची कल्पना सुचली. ती कल्पना जे.आर.डी. टाटा यांच्या साहाय्याने १५ ऑक्टोबर, इ.स. १९३२ रोजी प्रत्यक्षात उतरली. पुढे एअर इंडिया या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचा आरंभ या सेवेपासून मानला जातो.

पूर्वायुष्य

व्हिन्सेंट तरुण वयात शाही हवाई दलात दाखल झाले. पहिल्या महायुद्धानंतर इराकचा कारभार ब्रिटिशांकडे होता आणि तेथील डोंगराळ मुलखावर हवाई दलाची गस्त असे. या मोहिमांत त्यांनी भाग घेतला. शौर्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. इ.स. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हवाई दल सोडले.

फिरती हवाई प्रात्यक्षिके

महायुद्ध संपल्यावर हजारो लष्करी विमाने निरुपयोगी ठरली आणि स्वस्तात विकली गेली. त्याच वेळी नोकरी सुटलेल्या वैमानिकांची संख्याही मोठी होती. यातून अमेरिकेत व युरोपात फिरत्या हवाई खेळांचा व्यवसाय उभा राहिला. एखाद्या गावाजवळच्या मोकळ्या रानात विमान उतरवायचे, हवेत कोलांट्या व गिरक्या घेऊन गर्दी जमवायची आणि मग पैसे घेऊन लोकांना काही मिनिटांची फेरी घडवायची, असे त्याचे स्वरूप असे. ब्रिटनमध्ये सर ॲलन कोबहॅम यांचा असा ताफा इ.स. १९३२ ते १९३५ या काळात गाजला. कॅप्टन चार्ल्स बर्नार्ड यांचा ताफा इ.स. १९३३-३४ च्या हिवाळ्यात भारतभर फिरला.

व्हिन्सेंट त्यांच्या काही वर्षे आधी भारतात आले. जे.एस. न्यूऑल या सहकाऱ्यासह त्यांनी 'डीएच-९' जातीची दोन विमाने इंग्लंडहून आणली. ही विमाने महायुद्धातील बाँबफेकी विमाने असून त्यांतील बैठका उघड्या होत्या. प्रात्यक्षिके, प्रवासी फेऱ्या आणि हवाई पाहणी अशी कामे त्यांनी केली. त्या काळी बहुसंख्य भारतीयांनी विमान जवळून पाहिलेही नव्हते.

हा व्यवसाय दिसायला मौजेचा असला तरी जोखमीचा होता. विमानात बिनतारी संदेशयंत्रणा नसे, जमिनीवर दिशादर्शक दिवे नसत आणि हवामानाचे अंदाज तुटपुंजे असत. इंजिन बंद पडले तर डोळ्यांसमोरचे शेत किंवा नदीचे पात्र हाच आधार. घोड्यांच्या शर्यतीची मैदाने, लष्करी कवायतीची पटांगणे आणि कोरड्या तळ्यांचे काठ हीच विमानतळांची जागा घेत. त्यामुळे कोणती जमीन कठीण आहे, पावसानंतर ती केव्हा वापरण्याजोगी होते, वारा कुठून वाहतो आणि इंधन कुठवर पोहोचवता येते याचे ज्ञान फिरत्या वैमानिकाला आपोआप होत असे.

हवाई टपालाची योजना

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने इ.स. १९२९ मध्ये लंडन ते कराची हवाई सेवा सुरू केली. कराचीस उतरलेले टपाल मात्र पुढे रेल्वेनेच मुंबई व मद्रासकडे जाई. कराचीपासून अहमदाबाद व मुंबईमार्गे दक्षिणेस विमानाने टपाल नेले तर बराच वेळ वाचेल, हे व्हिन्सेंट यांनी हेरले. भांडवलाच्या शोधात ते जे.आर.डी. टाटा यांच्याकडे आले. जे.आर.डी. त्यांच्यापेक्षा वयाने लहान होते आणि फेब्रुवारी, इ.स. १९२९ मध्ये त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. दोघांचे सूर जुळले.

टाटा सन्सचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा या धाडसाला प्रथम अनुकूल नव्हते. संचालक जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळवले आणि सुमारे २ लाख रुपयांची गुंतवणूक मंजूर झाली. जागतिक मंदीमुळे सरकार अनुदान देण्यास तयार नव्हते. अखेर अनुदानाची मागणी सोडून, वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घेण्याचे टाटांनी मान्य केले. त्यानुसार एप्रिल, इ.स. १९३२ मध्ये १० वर्षांचा करार झाला.

पहिले उड्डाण

सेवेसाठी 'पुस मॉथ' जातीची दोन लहान, एका इंजिनाची विमाने घेण्यात आली. आरंभी जे.आर.डी., व्हिन्सेंट आणि होमी भरुचा असे तीनच वैमानिक होते. १५ ऑक्टोबर, इ.स. १९३२ रोजी सकाळी जे.आर.डी. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. अहमदाबादेस इंधन घेऊन ते दुपारी मुंबईत जुहू येथे उतरले. तेथे व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन सज्ज होते. मद्रासचे टपाल घेऊन त्यांनी बेल्लारीपर्यंत मजल मारली आणि तेथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. पहिल्या उड्डाणाचा हा दुसरा टप्पा लोकांच्या स्मरणात फारसा राहिलेला नाही.

जुहू येथे कंपनीचे ठाणे म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी होती. समुद्रालगतचे ते मैदान पावसाळ्यात चिखलाने भरे. त्यामुळे पावसाळ्यापुरती सेवा पुण्यास हलवावी लागे.

कसरतीचे वैमानिक आणि टपालाचे वैमानिक यांच्या कामात मूलभूत फरक होता. पहिल्याला आपला दिवस निवडता येई आणि हवा बिघडल्यास खेळ रद्द करता येई. दुसऱ्याला ठरल्या वेळी निघणे भाग असे. व्हिन्सेंट यांनी हे स्थित्यंतर पार पाडले. पहिल्या वर्षी विमानांनी १,६०,००० मैलांचे अंतर कापले, १५५ प्रवासी व सुमारे १० टन टपाल वाहून नेले. कंपनीस सुमारे ६०,००० रुपये नफा झाला. सेवेच्या वक्तशीरपणाची सरकारी पातळीवर प्रशंसा झाली.

विस्तार

पुढील काळात व्हिन्सेंट यांनी टाटांच्या विमान विभागाचे व्यवस्थापन पाहिले आणि नव्या मार्गांच्या आखणीत भाग घेतला. इ.स. १९३५ मध्ये मुंबई ते त्रिवेंद्रम आणि इ.स. १९३७ मध्ये मुंबई ते दिल्ली सेवा सुरू झाली. इ.स. १९३८ मध्ये कंपनीचे नाव टाटा एअरलाइन्स झाले. व्हिन्सेंट यांना ब्रिटिश सरकारने ओ.बी.ई. हा किताब दिला.

मृत्यू

दुसऱ्या महायुद्धात भारतातच विमाने बांधण्याचा विचार पुढे आला. वालचंद हिराचंद यांनी इ.स. १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली होती. टाटांचा बेत पुण्यात कारखाना काढण्याचा होता. त्यासंबंधीच्या वाटाघाटींसाठी व्हिन्सेंट इंग्लंडला गेले. परतीच्या प्रवासासाठी ते हवाई दलाच्या 'हडसन' विमानात बसले. २९ जानेवारी, इ.स. १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते विमान शत्रूकडून पाडले गेले आणि व्हिन्सेंट मृत्युमुखी पडले. पुण्यातील विमाननिर्मितीची योजनाही पुढे फळास आली नाही.

वारसा

टाटा एअरलाइन्सचे इ.स. १९४६ मध्ये एअर इंडिया असे नामांतर झाले आणि इ.स. १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. इ.स. २०२२ मध्ये ती पुन्हा टाटा समूहाकडे आली. कराची ते मुंबई या पहिल्या उड्डाणाची पुनरावृत्ती जे.आर.डी. यांनी इ.स. १९६२ व १९८२ मध्ये केली. भारतीय विमान वाहतुकीचे जनक म्हणून जे.आर.डी. यांचे नाव सर्वतोमुखी आहे. स्वतः जे.आर.डी. मात्र मूळ कल्पनेचे श्रेय व्हिन्सेंट यांनाच देत असत.