मेरी मॅलन : रोगाचे नाव चिकटलेली स्वयंपाकीण



सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वैद्यांची आणि संशोधकांची नावे आदराने घेतली जातात. एका स्वयंपाकिणीचे नाव मात्र सुमारे शंभर वर्षे उपहासाने घेतले गेले. ‘टायफॉइड मेरी’ हे तिचे टोपणनाव इंग्रजी भाषेत जणू शिवीच होऊन बसले. तिचे खरे नाव मेरी मॅलन. ह्या लेखात आम्ही त्यांना मेरीबाई असेच म्हणणार आहोत. त्यांची चूक आम्ही झाकणार नाही. परंतु त्यांचे माणूसपणही विसरणार नाही.

मेरीबाईंचा जन्म दि. २३ सप्टेंबर १८६९ रोजी आयर्लंडमधील टायरोन परगण्यात कुकस्टाऊन येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्या अमेरिकेत आल्या. त्या काळी गरिबीमुळे देश सोडणाऱ्या असंख्य आयरिश कॅथोलिक मुलींपुढे परक्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राहण्यावाचून फारसा पर्याय नसे. मेरीबाईंच्या हाताला चव होती. धुणीभांडी करणाऱ्या मुलीपेक्षा स्वयंपाकिणीला अधिक पगार व अधिक मान मिळे. न्यूयॉर्कच्या धनिक कुटुंबांत त्या स्वयंपाक करू लागल्या आणि स्वतःच्या कष्टावर ताठ मानेने जगू लागल्या.

सन १९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे ह्या गावी चार्ल्स हेन्री वॉरन नावाच्या बँकरचे कुटुंब भाड्याच्या घरात राहावयास आले. ऑगस्टच्या आरंभी मेरीबाई तेथे रुजू झाल्या. महिनाअखेरीस घरातील एका मुलीला विषमज्वर, म्हणजेच मुदतीचा ताप आला आणि पाहता पाहता अकरापैकी सहा जण अंथरुणाला खिळले. असे रोगट घर पुढे कोण भाड्याने घेणार, ही चिंता घरमालकाला पडली. त्याने जॉर्ज सोपर ह्या आरोग्य अभियंत्याला शोधकार्यास पाचारण केले.

सोपर यांनी विहिरीचे पाणी, दूध, शौचकूप, शिंपल्या असे सर्व तपासले. परंतु दोष कोठेच सापडेना. शेवटी त्यांचे लक्ष रोगाची साथ आल्यानंतर काही आठवड्यांतच निघून गेलेल्या स्वयंपाकिणीकडे गेले. त्यांनी तिची मागील नोकऱ्यांची माहिती गोळा केली. सन १९०० पासून ज्या आठ कुटुंबांत मेरीबाईंनी काम केले होते, त्यांपैकी सात कुटुंबांत विषमज्वर उद्भवला होता. शिजवलेल्या अन्नात जंतू मरतात, मग रोग पसरला कसा? मेरीबाई ताज्या पीच फळांचे काप घालून आइस्क्रीम उत्तम बनवीत. त्या पदार्थाला विस्तवाचा स्पर्श होत नाही, हे सोपर यांनी हेरले.

येथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. विषमज्वराचे जंतू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात व दूषित पाणी, अन्न किंवा अस्वच्छ हात यांमार्फत दुसऱ्याच्या पोटात जातात. रोग बरा झाल्यावरही शंभरातील साधारण एक ते पाच जणांच्या पित्ताशयात हे जंतू वर्षानुवर्षे तळ ठोकून राहतात. अशी व्यक्ती स्वतः धडधाकट असते, परंतु इतरांना रोग देऊ शकते. निरोगी रोगवाहकाची ही कल्पना त्या वेळी डॉक्टरांनाही नवी होती. मग शाळेचा फारसा संबंध न आलेल्या स्वयंपाकिणीला ती कशी पटावी?

मार्च १९०७ मध्ये सोपर यांनी पार्क ॲव्हेन्यूवरील एका घराच्या स्वयंपाकघरात मेरीबाईंना गाठले. त्या घरातही ताप शिरला होता व तेथील तरुण मुलगी त्यात दगावली. सोपर यांनी मेरीबाईंकडे मलमूत्राचे व रक्ताचे नमुने मागितले. एका परक्या पुरुषाने येऊन आपण लोकांना रोग देत आहोत असा आरोप करावा, हे त्यांना असह्य झाले. मांस कापताना वापरायचा मोठा काटा उगारून त्यांनी सोपर यांना पिटाळून लावले. पुढे आरोग्य खात्याच्या डॉक्टर जोसेफिन बेकर पोलिसांसह आल्या. काही तास लपून बसलेल्या मेरीबाईंना बळजबरीने रुग्णवाहिकेत घालून नेण्यात आले. तपासणीत जंतू सापडले आणि त्यांची रवानगी नॉर्थ ब्रदर नावाच्या बेटावरील रुग्णालयाच्या आवारातील एका झोपडीवजा घरात झाली.

त्यांच्यावर खटला चालला नव्हता, कोणता गुन्हाही सिद्ध झाला नव्हता. पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला देण्यात आला, परंतु त्या काळी अशी शस्त्रक्रिया जिवावर बेतू शके. त्यांनी नकार दिला. आपल्या खर्चाने त्यांनी खासगी प्रयोगशाळेकडे नमुने पाठविले. तेथे जंतू आढळले नाहीत. रोगवाहकाच्या शरीरातून जंतू कधी बाहेर पडतात, कधी पडत नाहीत, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. सन १९०९ मध्ये त्यांनी सुटकेसाठी न्यायालयात धाव घेतली, पण पदरी निराशाच आली.

फेब्रुवारी १९१० मध्ये नव्या आरोग्य आयुक्तांनी, पुन्हा स्वयंपाकाचे काम न करण्याच्या वचनावर, त्यांना मुक्त केले. त्या कपडे धुण्याचे काम करू लागल्या. त्यात कष्ट अधिक आणि मिळकत कमी. हळूहळू त्यांनी दिलेले वचन मोडले आणि नाव बदलून पुन्हा चुलीजवळ उभ्या राहिल्या. सन १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन प्रसूती रुग्णालयात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, दोघे मरण पावले. तेथे ‘मिसेस ब्राऊन’ ह्या नावाने वावरणारी स्वयंपाकीण म्हणजे मेरीबाईच होत्या. ही चूक गंभीर होती. सावध केले गेल्यानंतर दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्याचा अधिकार कोणासही नाही, मग तो कितीही गरजू असो.

त्यांना पुन्हा बेटावर नेण्यात आले, ते कायमचेच. उत्तरायुष्यात त्या तेथील प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करीत. सन १९३२ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दि. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. दोन्ही वेळची मिळून सुमारे सव्वीस वर्षे त्यांनी एकांतवासात काढली. ब्रॉन्क्समधील संत लूकच्या चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. त्या वेळी अवघी नऊ माणसे उपस्थित होती. संत रेमंडच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

मेरीबाईंमुळे सुमारे पन्नास जणांना रोग झाला व तिघे मरण पावले, असे मानले जाते. त्यांच्या मृत्यूच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चारशेहून अधिक रोगवाहकांची नोंद होती. परंतु इतका दीर्घ बंदिवास त्यांच्याच वाट्याला आला. समाजाचे रक्षण व्हावयास हवे होते, यात शंका नाही. पण ज्या बाईची चूल आपण विझविली, तिच्या भाकरीची सोय करणेही समाजाचेच कर्तव्य नव्हते काय?

त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, विषमज्वरावर गुणकारी प्रतिजैविक उपलब्ध झाले. आज प्रतिबंधक लसही आहे. सन २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने बालकांसाठी नव्या टायफॉइड लसीची मोहीम हाती घेतली होती. तरीही आपल्या देशातून हा रोग गेलेला नाही, आणि काही जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून जुनाच उपाय आजही पहिला ठरतो. शौचाहून आल्यावर व स्वयंपाकास हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. पाणी उकळून प्यावे. सरबत, आइस्क्रीम, कोशिंबीर, कापलेली फळे अशा न शिजविलेल्या पदार्थांबाबत विशेष दक्षता घ्यावी. जुलाब किंवा ताप असलेल्याने स्वयंपाकघरापासून दूर राहावे. विषमज्वर होऊन गेलेल्याने इतरांसाठी स्वयंपाक करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेऊन तपासणी करावी.

आपल्याकडे लग्नकार्यात, सणाच्या दिवशी, धर्मग्रामाच्या स्नेहभोजनात शेकडो पाने उठतात. वाढणाऱ्यांचे व रांधणाऱ्यांचे हात स्वच्छ असावेत ह्यासाठी तेथे पाणी व साबण ठेवणे हीदेखील सेवाच आहे. आणि आपल्या घरची स्वयंपाकीण आजारी पडली तर तिला पगारी रजा देऊन विश्रांतीस पाठवावे. पगार बुडेल ह्या भीतीने तिने आपला ताप लपविला, तर त्या दोषात आपलाही वाटा असेल. मेरीबाईंच्या जीवनातून आपण निदान एवढे तरी शिकावे, अशी आमची नम्र विनंती आहे.