डॉ. भाऊ दाजी लाड आणि परीक्षेची समान कसोटी

शालान्त परीक्षेच्या दिवशी पेडण्याच्या शाळेतील मुलापुढे जी प्रश्नपत्रिका येते, तीच डिचोलीच्या आणि पणजीच्या मुलापुढेही येते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, असतो तो केवळ क्रमांक. तपासणाऱ्याला मुलाचा गाव, त्याची जात किंवा त्याच्या वडिलांचा धंदा ठाऊक नसतो. या व्यवस्थेची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ती कोणी तरी, कधी तरी निर्माण केली असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. आपल्या देशात उच्च शिक्षणाची अशी समान कसोटी प्रथम उभी राहिली, तेव्हा ती उभारणाऱ्यांच्या पंक्तीत पेडणे महालात जन्मलेला एक पुरुष बसला होता. त्या पुरुषाचे, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे, चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरी त्यांना भाऊ म्हणत व वडिलांना दाजी म्हणत. त्यावरून भाऊ दाजी हेच नाव पुढे जगाच्या तोंडी बसले. त्यांचा जन्म १८२२ साली पेडणे महालातील मांद्रे या समुद्रकाठच्या गावी झाला. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांच्या हाती जाऊन तेव्हा उणीपुरी चौतीस वर्षे झाली होती. नव्या काबिजादीतील या मुलुखात उच्च शिक्षणाची सोय मुळीच नव्हती. खेड्यातील पंतोजींच्या शाळेत बाराखडी, उजळणी आणि हिशेब शिकला की मुलाचे शिक्षण संपले, अशीच स्थिती होती. लाडांचे घर गरीब होते. मातीच्या बाहुल्या करून विकण्याचा धंदा करणारे हे कुटुंब पोटासाठी मुंबईस गेले, तेव्हा भाऊ अजून लहानच होते.

मुंबईत या मुलाचे नशीब कसे उघडले, याविषयी एक गोष्ट सांगतात. भाऊ बुद्धिबळ फार उत्तम खेळत. एका इंग्रज गृहस्थाने त्यांचा खेळ पाहिला आणि मुलाची बुद्धी ओळखून त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे असे वडिलांना आग्रहाने सांगितले. भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तेथे त्यांनी एकामागून एक अशी बक्षिसे व शिष्यवृत्त्या मिळविल्या आणि वडिलांवर आपल्या खर्चाचा भार पडू दिला नाही. दोनच वर्षांत वडील वारले. आई व धाकटा भाऊ नारायण यांच्या पोषणाची जबाबदारी कोवळ्या वयात त्यांच्या शिरावर येऊन पडली आणि ती त्यांनी आनंदाने उचलली. याच सुमारास बालहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी निबंध लिहून पारितोषिक मिळविले. पुढे ज्या विद्यालयात ते शिकले, त्याच विद्यालयात त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली.

एवढ्यावर समाधान मानणारा दुसरा कोणीही असता, तर त्याची ददात मिटली असती. परंतु १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊंनी शिक्षकाची जागा सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचे ठरविले. प्रेताला स्पर्श करणेही जेथे विटाळ मानले जाई, अशा समाजातील तरुणांनी शवविच्छेदनाच्या मेजापुढे उभे राहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८५१ साली या महाविद्यालयाची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. तीत भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंगही याच तुकडीतील होत. आमचे लोक युरोपीय वैद्यक शिकू शकतील काय, या शंकेचे या तरुणांनी वाद घालून नव्हे, तर परीक्षा देऊन निरसन केले.

डॉ. भाऊंचा वैद्यकीय व्यवसाय फार जोरात चालला. त्यांनी विपुल द्रव्य मिळविले, पण गोरगरिबांस ते विनामूल्य औषधोपचार करीत. संस्कृतातील वैद्यकग्रंथांचा त्यांनी अभ्यास केला. जुन्या ग्रंथात एखाद्या वनस्पतीची स्तुती केली आहे एवढ्यावरून ती त्यांनी गुणकारी मानली नाही, आणि ती देशी आहे एवढ्यावरून टाकूनही दिली नाही. रोग्यांवर तिचा उपयोग करून, परिणाम पाहून, मगच ते तिचे मोल ठरवीत. महारोगावरील उपचारांचा शोध त्यांनी याच रीतीने केला. परदेशी विद्या आणि स्वदेशी विद्या या दोहोंना एकच कसोटी लावावी, हे त्यांच्या सर्व कार्याचे सूत्र होते, असे आम्हांस वाटते.

आता आपण विद्यापीठाच्या गोष्टीकडे वळू. ती नीट कळावी म्हणून क्षणभर इंग्लंडात जावे लागेल. त्या देशात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोन प्राचीन विद्यापीठे होती. परंतु तेथील पदवी मिळण्यास विद्येबरोबर राज्यमान्य चर्चच्या मताचा स्वीकारही आवश्यक असे. निराळ्या पंथाच्या वा धर्माच्या बुद्धिमान तरुणास पदवी मिळत नसे. ही धार्मिक अट बहुतांशी दूर होण्यास १८७१ साल उजाडावे लागले. तत्पूर्वीच १८३६ साली लंडन विद्यापीठास सनद मिळाली. हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नव्हते. निरनिराळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची एकच परीक्षा घ्यावी आणि धर्म न विचारता उत्तीर्ण होईल त्यास पदवी द्यावी, एवढेच त्याचे काम होते. विद्यार्थी कोठे शिकला यापेक्षा त्याला काय येते हे महत्त्वाचे, हा युरोपच्या उच्च शिक्षणातील मोठाच पालट होता.

हाच नमुना १८५४ सालच्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानासाठी सुचविण्यात आला आणि १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा त्या वर्षीच्या जुलै महिन्यात झाला. डॉ. भाऊ दाजी त्याआधीच शिक्षण मंडळाचे सभासद होते. नव्या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या फेलोंमध्ये त्यांची नेमणूक झाली. त्या यादीत बहुतेक नावे इंग्रजांची असून, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय अगदी थोडे होते. मातीच्या बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा आता इतरांच्या परीक्षांचे नियम ठरविणाऱ्यांत बसला. हे आसन त्याला वशिल्याने वा वंशाने नव्हे, तर स्वतः दिलेल्या परीक्षांच्या बळावर मिळाले होते, हे विसरून चालणार नाही.

ज्या गोव्यातून भाऊ बाहेर पडले, तेथील स्थिती याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. पणजी येथे १८४२ साली वैद्यकशाळा स्थापन झाली. आशिया खंडातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांत तिची गणना होते, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या गोमंतकीय डॉक्टरांनी आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींपर्यंत जाऊन सेवा केली. तथापि खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करावयाचा तर पणजीची पदवी पुरी पडत नसे. तिकडच्या वैद्यक विद्यालयात पुन्हा अभ्यास करून परीक्षा द्यावी लागे. राज्य एक, शास्त्र एक, रोगही तेच, परंतु पदवीचे मोल मात्र दोन ठिकाणी दोन! समान कसोटी नसली म्हणजे हुशार माणसावरही कसा अन्याय होतो, हे यावरून दिसून येईल.

डॉ. भाऊंच्या आयुष्यातील इतर उद्योग सांगू गेल्यास एक ग्रंथच होईल. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या कार्यात ते अग्रभागी होते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला, आणि त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावे मुलींची शाळा चालविली. ज्या काळी विद्यापीठाची परीक्षा मुलांसाठीच आहे असे सारे गृहीत धरीत, त्या काळी त्यांनी हे केले. १८६९ व १८७१ अशा दोन साली ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

संशोधक म्हणून त्यांची कीर्ती सातासमुद्रांपार गेली होती. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, दुर्मीळ हस्तलिखिते पदरमोड करून जमविली, आणि कालिदासासारख्या कवींच्या कालनिर्णयावर लिहिले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य आदी ज्योतिषांचा काळ ठरविणारा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व अमेरिका येथील विद्वत्सभांनी त्यांना सभासदत्व दिले. आपल्या पूर्वजांची थोरवी त्यांनी केवळ अभिमानाने सांगितली नाही. जगातील कोणीही पंडित पडताळून पाहील अशा पुराव्यानिशी ती मांडली. म्हणूनच जगाने ती मानली.

भाऊंचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १८६५ साली मुंबईत शेअरांचा बाजार कोसळला आणि अनेक धनिकांप्रमाणे त्यांचीही मोठी हानी झाली. तरीही त्यांचे अध्ययन व लोकसेवा चालूच राहिली. मे १८७४ मध्ये ते निवर्तले. पन्नाशीच्या आसपासच त्यांच्या आयुष्याची दोरी तुटली. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही वैद्यक शिकून नामांकित झाले होते. थोरल्या भावाने लहानपणी घेतलेला भार वाया गेला नव्हता.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. समान कसोटी ही वस्तू चांगली, परंतु ती कोणाच्या भाषेत घ्यावयाची, हा प्रश्न उरतोच. मुंबई विद्यापीठाची उच्च परीक्षा इंग्रजीतून होई. पहिल्या काही वर्षांतच मॅट्रिकच्या पुढील परीक्षांतून मराठी, गुजराती आदी देशी भाषा वगळण्यात आल्या. त्यांना तेथे पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ खटपट करावी लागली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कोठे एम. ए. च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या आम्हां सर्वांना हा इतिहास ठाऊक असावा. सर्वांना एक माप लावताना एखाद्याची मातृभाषाच मापाबाहेर राहिली, तर ते माप पुरते समान म्हणता येत नाही.

भाऊंच्या जन्मभूमीत त्यांचे विद्यापीठ पोहोचण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये सुरू झाली आणि ती मुंबई विद्यापीठाशी जोडण्यात आली. पणजीची जुनी वैद्यकशाळाही वैद्यक महाविद्यालय होऊन त्याच विद्यापीठाच्या कक्षेत आली. पेडण्याच्या मुलाने ज्याच्या पहिल्या सभेत स्थान मिळविले, त्याच विद्यापीठाच्या पदव्या गोमंतकातील मुलामुलींना गोव्यातच राहून मिळू लागल्या. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि आपले घर स्वतंत्र झाले.

समान कसोटीची ही गोष्ट अजून संपलेली नाही. १९९९ सालच्या जून महिन्यात इटलीतील बोलोन्या या अतिप्राचीन विद्यापीठाच्या नगरीत युरोपातील २९ देशांच्या प्रतिनिधींनी एका घोषणेवर सह्या केल्या. त्यांत पोर्तुगालही होता. एका देशाची पदवी दुसऱ्या देशात सहज ओळखता यावी, शिक्षणाचे टप्पे सर्वत्र सारखे असावेत, आणि एका ठिकाणी केलेला अभ्यास श्रेयांकांच्या रूपाने दुसऱ्या ठिकाणी मोजला जावा, असा त्यांचा संकल्प होता. ज्या अडचणीने पणजीच्या डॉक्टरांना एके काळी पुन्हा बाकावर बसविले, तीच अडचण दूर करण्यास युरोपातील राष्ट्रे आपसांत एकत्र आली.

विद्यार्थिमित्रांनो, पेडणे वा डिचोलीच्या खेड्यातून पुढे जाताना आपण मागासलेल्या भागातले, आपली शाळा लहान, आपले इंग्रजी कच्चे, असे तुमच्या मनात कधी तरी येईल. त्या वेळी मांद्र्याच्या भाऊंची आठवण करावी. परीक्षेला त्यांनी संकट मानले नाही. दरिद्री घरातील मुलालाही सर्वांच्या बरोबरीने उभे राहता येते, असे ते एक अंगण आहे, हे त्यांनी ओळखले. आणि त्या अंगणात स्वतः उभे राहिल्यावर आपल्यामागून येणाऱ्यांसाठी, मुलींसाठीसुद्धा, दार उघडे राहावे म्हणून ते झटले. आमच्या पंचक्रोशीतील या थोर पुरुषाचे हे ऋण आपण अभ्यासाने फेडू या.