शिंप्याचा मुलगा आणि आपली छायाचित्रे : जोसेफ फूरिए

विद्यार्थी मित्रहो, स्नेहसंमेलनाचे छायाचित्र आपण मोबाईलवरून क्षणात पाठवतो. ती फाईल बहुधा जेपेग प्रकारची असते. हा प्रकार १९९२ साली ठरला. पण त्यामागील गणिताचा उगम दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याच्या मुलापाशी आहे. त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

जोसेफ फूरिए यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर येथे झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. गावच्या लष्करी शाळेत गणिताची गोडी लागली. रात्रीच्या अभ्यासासाठी ते मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे जमवीत, असे सांगतात. क्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तुरुंगवास घडला. १७९८ साली ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर ग्रनोबल येथे प्रांताचा कारभार त्यांच्याकडे आला.

हे काम सांभाळून त्यांनी उष्णता कशी पसरते याचा अभ्यास केला. कितीही वेडावाकडा आलेख साध्या लहरींच्या बेरजेने दाखवता येतो, असे त्यांनी १८०७ साली मांडले. लाग्रांज यांच्यासारख्या थोर गणितज्ञाला ते पटले नाही. १८१२ साली पारितोषिक मिळाले, पण सिद्धता अपुरी असल्याचा शेराही मिळाला. शेरा अगदीच चुकीचा नव्हता. आवश्यक अटी पुढे १८२९ साली डिरिश्ले यांनी स्पष्ट केल्या. फूरिए मात्र खचले नाहीत. १८२२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

याच वाटेवर बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली कोसाइन लहरींची पद्धत प्रसिद्ध केली. जेपेगमध्ये चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन अशा लहरींत मोडतात. डोळ्यांना फारसा न जाणवणारा बारीक तपशील गाळला जातो आणि फाईल लहान होते. गाळलेले मात्र परत मिळत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती : मूळ छायाचित्र जपून ठेवा, बदल प्रतीवर करा. अक्षरे व आकृत्या पीएनजी प्रकारात ठेवा. त्यात काही गळत नाही. आणि विद्यार्थ्यांनो, वहीवर शेरा आला तर फूरिए यांची पंधरा वर्षांची चिकाटी आठवा.