सागराच्या अंतरंगात

विसाव्या शतकाच्या आरंभी समुद्राच्या तळाशी उतरणारा पाणबुड्या म्हणजे दाव्याला बांधलेले जनावरच होते. डोक्यावर तांब्याचे अवजड शिरस्त्राण, अंगात जाड रबरी पोशाख, पायांत शिशाचे तळ असलेले जोडे आणि वर होडीवरील पंपापर्यंत गेलेली हवेची नळी, अशा थाटात तो तळावर पावले ओढीत चाले. नळी पोहोचेल तेवढेच त्याचे जग. ती खडकात अडकली किंवा फाटली, तर प्राणाशीच गाठ. मासा जसा वर, खाली, आडवा, उताणा स्वच्छंद फिरतो, तसे मनुष्याला फिरता येईल ही गोष्ट कथाकारांच्या कल्पनेतच शोभण्यासारखी वाटे. ती खरी करून दाखविणाऱ्यांत झाक-ईव्ह कुस्तो या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव अग्रभागी आहे.

कुस्तोचा जन्म 11 जून 1910 रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सेंट आंद्रे द क्यूब्झाक या लहानशा गावी झाला. मुलगा प्रकृतीने अशक्त. पण पाण्याची ओढ मोठी. वडिलांच्या नोकरीमुळे काही काळ कुटुंब अमेरिकेत राहिले. तेथे मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात तळ्याच्या तळाशी कुजत पडलेल्या फांद्या काढण्याचे काम त्याच्याकडे आले आणि श्वास रोखून बुडी मारण्याची पहिली सवय त्याला तेथेच लागली. दुसरा नाद यंत्रांचा. शाळकरी वयातच त्याने पैसे साठवून चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा विकत घेतला होता. पाणी आणि कॅमेरा यांची संगत पुढे त्याला जन्मभर पुरली.

1930 साली तो ब्रेस्ट येथील नौदलाच्या विद्यालयात दाखल झाला. त्याला व्हायचे होते वैमानिक. परंतु 1936 मध्ये मोटारीच्या भीषण अपघातात त्याचे दोन्ही हात मोडले. एक हात कापून टाकावा, असे डॉक्टरांचे मत पडले; कुस्तोने त्याला साफ नकार दिला. महिनोन् महिने व्यायाम करून त्याने हात पुन्हा चालते केले. मात्र आकाशाचा मार्ग बंद झाला. नौदलाने त्याला दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील तुलाँ या बंदरात धाडले आणि हातांत बळ यावे म्हणून तो रोज भूमध्य समुद्रात पोहू लागला. फिलिप ताये नावाच्या नाविक मित्राने एके दिवशी त्याला पाण्यात घालण्याचा चष्मा दिला. कुस्तोने तो लावून डोके पाण्याखाली घातले, तोच त्याला तळाचे खडक, शेवाळ आणि चंदेरी मासे लख्ख दिसू लागले. डोके वर काढताच समोर किनाऱ्यावरचा रस्ता, वाहने, विजेचे खांब! दोन जगे एकमेकांना इतकी लागून असावीत, आणि त्यांतल्या एकाची आपल्याला दादही नसावी, याचे त्याला नवल वाटले. फ्रेदेरिक द्युमा हा पट्टीचा बुडी मारणारा तरुण पुढे या दोघांना येऊन मिळाला.

या मित्रांचे क्षेत्र म्हणजे तुलाँपासून मार्सेलिसपर्यंतचा खडकाळ किनारा. मार्सेलिसचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी ब्रिटिशांच्या कैदेतून सुटण्यासाठी बोटीवरून उडी घेतली, ती याच बंदरात. त्या दिवशी कुस्तो महिन्याचाही झाला नव्हता. हा समुद्र दिसायला निळा आणि शांत. परंतु तो फसवा आहे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा थंड वारा अकस्मात सुटतो, लाटा उसळवितो आणि वरचे उबदार पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. मग खालचे गार पाणी वर येते व भर उन्हाळ्यातही एका दिवसात समुद्र अंग गोठविण्याइतका थंड होतो. वारा नसला तरी खाली उतरताना ऊन पाण्याचा थर एकाएकी संपून बर्फासारख्या पाण्यात पाय पडल्याचा अनुभव येतो. शिवाय खोल जाताना रंग एकेक करून मावळतात. लाल रंग सर्वांत आधी जातो. द्युमाने खोल पाण्यात भाल्याने मारलेल्या माशाचे रक्त त्यांना हिरवे दिसले, तेव्हा दोघेही चकित झाले.

तथापि थंडी आणि अंधार यांपेक्षा मोठा शत्रू होता दाब. पाण्यात दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. बाहेरून छातीवर एवढा दाब आणि आत मात्र साधी हवा, अशा स्थितीत छाती फुगणारच नाही. तेव्हा पाणबुड्याला त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा मिळावयास हवी. किंचित कमी नाही, किंचित अधिक नाही. पाठीवर टाकी बांधून पाण्यात उतरण्याचा प्रयत्न पूर्वी काहींनी केला होता. पण त्यात हवा सतत वाहून वाया जाई किंवा हाताने झडप फिरवावी लागे. कुस्तोने शुद्ध प्राणवायूचे यंत्रही वापरून पाहिले. जो वायू जीवन देतो, तोच दाबाखाली विष होतो, हे त्याला स्वतःच्या देहावरच कळले. सुमारे 14 मीटर खोलीवर त्याला आचके येऊ लागले आणि शुद्ध हरपण्यापूर्वी कमरेचे शिसे सोडता आले म्हणूनच तो वर आला. दुसऱ्या वेळीही तोच प्रकार घडला. तेव्हा त्याने प्राणवायूचा नाद सोडला.

याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले होते. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून फ्रेंच नौदलाने तुलाँ बंदरातील आपली जहाजे आपणच बुडविली. नौसैनिकाला नौका उरली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कुस्तो पॅरिसला एमील गान्याँ या अभियंत्याला भेटला. युद्धामुळे पेट्रोल दुर्मिळ झाले होते. मोटारी लाकूड-कोळशाच्या वायूवर चालविण्यासाठी इंजिनाला हवा तेवढाच वायू आपोआप पोहोचविणारी झडप गान्याँने तयार केली होती. मोटारीला जे साधते ते मनुष्याच्या फुप्फुसांना का साधू नये? गान्याँने झडपेत बदल केले. एका डबीत रबरी पडदा. त्याच्या एका अंगाला समुद्राचे पाणी, दुसऱ्या अंगाला श्वासाची हवा. श्वास आत घेतला की पडदा आत ओढला जाई, झडप उघडे आणि पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा तोंडात येई. श्वास थांबला की झडप बंद. पाणी जितके खोल, तितकी हवा दाट. इतके ते साधे होते.

जानेवारी 1943 मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात कुस्तोने ते तपासले. उभे राहिले की हवा भसाभस वाहून जाई. डोके खाली केले की श्वास ओढवेना. दोघे खिन्न मनाने परतले. पण वाटेतच त्यांना कारण उमगले. सोडलेला श्वास बाहेर जाण्याची वाट आणि हवा आत येण्याची वाट वेगवेगळ्या पातळीवर होती. पाण्यात तेवढ्या अंतरानेही दाब बदलतो. बाहेरची वाट पडद्यालगत आणली आणि दोष मिटला. मोठी अडचण पुष्कळदा एवढ्याशा जागेत दडलेली असते.

जून 1943 मध्ये नवे यंत्र बांदोल या किनाऱ्यावरच्या गावी आगगाडीने येऊन पोहोचले. देश परक्यांच्या ताब्यात. तेव्हा गाजावाजा न करता मंडळी एका आडोशाच्या लहान खाडीकडे गेली. हवेच्या तीन टाक्यांचे वीस-बावीस किलोंचे ओझे पाठीवर, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, पायांत रबराची वल्ही. कुस्तोची पत्नी सिमोन पाण्यावर पालथी तरंगत नजर ठेवून होती. काही विपरीत घडलेच, तर झेप घेण्यासाठी द्युमा किनाऱ्यावर सज्ज होता. कुस्तो उतरू लागला. श्वास सहज येत होता. बुडबुड्यांची माळ वर चालली होती. त्याने कोलांट्या घेतल्या, डोके खाली करून एका बोटावर तोल सावरला, हवा कोणत्याही स्थितीत सारखीच येत राहिली. सुमारे 18 मीटर खोलीवर एका गुहेच्या छताला त्याला शेवंडी चिकटलेल्या दिसल्या. युद्धकाळात अन्नाची चणचण होतीच. त्याने त्या काढून काढून वर पत्नीच्या हाती पोहोचविल्या. त्या एका उन्हाळ्यात या मित्रांनी पाचशेहून अधिक बुड्या मारल्या. आज मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पाठीवर टाकी बांधून उतरणारा हौशी पर्यटकही त्याच तत्त्वावरच्या झडपेतून श्वास घेतो.

यंत्र निर्दोष होते. मनुष्यदेह मात्र तोच होता. ऑक्टोबर 1943 मध्ये मार्सेलिसजवळ ल गूद येथे द्युमा दोराच्या आधाराने 62 मीटरपर्यंत गेला. खोल गेल्यावर त्याला विलक्षण धुंदी चढली. दाबाखालील नत्रवायू मेंदूला मद्यासारखा गुंगवितो आणि गुंगलेल्याला आपण गुंगलो आहोत हेच कळत नाही. उलट, घाईने वर येणाराही सुरक्षित नसतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर बुडबुडे उठावेत, तसा रक्तात विरघळलेला नत्रवायू उसळतो व सांधे, मज्जारज्जू यांना पंगू करतो.

27 ऑगस्ट 1946 रोजी कुस्तो आणि द्युमा आव्हिन्याँजवळच्या व्होक्ल्यूझ या प्रसिद्ध झऱ्याच्या विवरात उतरले. काळोख्या पाण्यात दोघांचीही बुद्धी बधिर होऊ लागली. वर दोर धरून बसला होता त्यांचा सहकारी मोरीस फार्ग. खालून येणारे इशारे विसंगत आहेत हे ओळखून त्याने दोर ओढण्याचा निर्णय घेतला, म्हणून दोघे जिवंत बाहेर आले. पुढे टाक्यांतील हवा तपासली तेव्हा तीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सापडला. हवा भरणारे यंत्र स्वतःचाच धूर आत ओढीत होते.

पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, तुलाँच्या नौदल पथकाने साध्या हवेवर मनुष्य किती खोल जाऊ शकतो हे पाहण्याचे ठरविले. पाण्यात दोर सोडून त्याला ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या. जो जेथवर जाईल त्याने तेथील पाटीवर सही करावयाची. फार्ग उतरला. दोराला हिसका देऊन तो मधूनमधून खुशाली कळवीत होता. एकाएकी हिसके थांबले. दोर ओढताना दुसरा पाणबुड्या खाली झेपावला, तो फार्ग निश्चेष्ट अवस्थेत वर येताना दिसला. श्वासनळी तोंडातून सुटलेली होती. बारा तास प्रयत्न करूनही त्याचा श्वास परतला नाही. दोर पुरा वर काढला, तेव्हा सुमारे 120 मीटरवरच्या पाटीवर त्याची सही होती. ज्याने कुस्तोला मृत्यूच्या दारातून ओढून आणले, त्याला कुस्तो वाचवू शकला नाही. ते शल्य त्याने कधी लपविले नाही. साध्या हवेवर 90 मीटरच्या खाली जाऊ नये, ही मर्यादा त्या मृत्यूनंतर त्याने मानली.

1950 मध्ये त्याला ‘कॅलिप्सो’ ही नौका मिळाली. मूळची ती युद्धातील सुरुंग काढणारी. 1952 पासून मार्सेलिसजवळच्या ग्राँ काँग्लुए या उजाड बेटाच्या पायथ्याशी, 40 मीटरच्या आसपास, एका प्राचीन गलबताचे उत्खनन त्याने चालविले. हजारो मद्यकुंभ वर आले. वादळाच्या दिवसांत एक तरुण पाणबुड्या मात्र वर आला नाही. कोणती वस्तू कोठे व कोणत्या थरात होती याची काटेकोर नोंद तेव्हा झाली नाही. त्यामुळे तेथे एकावर एक अशी दोन वेगवेगळ्या काळांतील गलबते होती, हे पुढे कित्येक वर्षांनी इतरांना सिद्ध करावे लागले. 1962 मध्ये त्याच शहरासमोरच्या फ्रियूल बेटापाशी 10 मीटर खोलीवर पोलादी घर टाकून त्याने दोन सहकाऱ्यांना आठवडाभर पाण्याखाली राहविले.

1956 च्या त्याच्या ‘मौनाचे जग’ या चित्रपटाने कीर्ती जगभर नेली. परंतु त्याच चित्रपटात सुरुंगाने मारलेले मासे आणि नाविकांनी कुऱ्हाडींनी ठार केलेले शार्क दिसतात, हेही सांगितले पाहिजे. तो कुस्तो पुढे बदलला. 1960 मध्ये किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याची योजना निघाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत तो प्रमुख होता. 1973 मध्ये त्याने समुद्राच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. ज्या कपारींत त्याने तरुणपणी भाला चालविला होता, त्यांतील मासे विरळ झालेले त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

उत्तरायुष्यात आघात पुष्कळ झाले. 1979 मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान-अपघातात गेला. 1990 मध्ये सिमोन गेली. जानेवारी 1996 मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका पडावाची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाली. ती पुन्हा वर काढण्यात आली, पण पूर्वीसारखी चालू झाली नाही. 25 जून 1997 रोजी पॅरिस येथे कुस्तोचे निधन झाले. समुद्राच्या तळाशी आयुष्य काढलेल्या या मनुष्याला त्याच्या जन्मगावच्या मातीत पुरण्यात आले.