वाद्यकार लिओ फेंडर

मैफल रंगली की आम्ही वादकाला मनापासून दाद देतो. परंतु त्याच्या हातची सतार मिरजेच्या कोणत्या कारागिराने घडविली, हे विचारण्याचे आम्हांस सुचत नाही. म्हणूनच आज आम्ही एका वाद्य घडविणाऱ्याचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. विजेवर वाजणाऱ्या गिटारला आजचे रूप देण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला मात्र गिटार वाजविता येत नसे!

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, संत्र्यांच्या बागा करणाऱ्या एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीच गाठीच्या विकाराने त्यांचा डावा डोळा गेला व त्या जागी काचेचा डोळा बसवावा लागला. पण रेडिओच्या तारा आणि व्हॉल्व्ह यांनी त्यांच्या मनाला जे वेड लावले, ते जन्मभर सुटले नाही. शिक्षण त्यांनी हिशेबनिसाचे घेतले. पुढे मंदीच्या दिवसांत नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन गावी रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले.

तेथे वादक आपले ध्वनिवर्धक दुरुस्तीस आणीत, आणि त्याबरोबर आपली गाऱ्हाणीही. पोकळ गिटारचा आवाज विजेने फार वाढविला की त्या आवाजाने गिटारचे पोटच थरथरू लागे व कर्णकटू घोंगावणे सुरू होई. तारेचे कंपन जर खालचे लोहचुंबक व त्याभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळेच टिपणार, तर पोकळ पोट हवेच कशाला? अन्य कारागीरही या दिशेने प्रयोग करीत होतेच. फेंडर यांनी आपल्या गिटारचे धड भरीव लाकडाचे केले व दांडी त्याला चार स्क्रूंनी जोडली. म्हणजे दांडी बिघडली तर तेवढीच बदलावी. ही दृष्टी दुरुस्ती करणाऱ्याची होती! १९५० साली बाजारात आलेली ही गिटार १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने विख्यात झाली.

तरीही वादकांची तक्रार आलीच. गिटारच्या कडा बरगड्यांत रुततात, असे ते म्हणू लागले. फेंडर यांनी राग न मानता १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे धड शरीराच्या वळणानुसार तासून घेतले.

१९६५ साली प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी आपला कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. पुढे ते बरे झाले. आता स्वस्थ बसून सुखात राहता आले असते. परंतु ते पुन्हा कामाकडे वळले. वयाची सत्तरी उलटल्यावर, १९८० साली, त्यांनी एका सहकाऱ्यासह नवी कंपनी काढली. कंपवाताने ग्रासले तरी काम सुटले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याला अमुक येत नाही, याची खंत आपण सारेच करतो. फेंडर यांना वाजविता येत नव्हते, म्हणूनच कदाचित वाजविणाऱ्याचे म्हणणे त्यांनी इतक्या नम्रपणे ऐकले. दुसऱ्याची अडचण कान देऊन ऐकावी आणि आपल्या हातांनी ती दूर करावी, एवढीच त्यांची विद्या. ती आम्हां सर्वांना साध्य होण्यासारखी आहे.