आनंदीबाई जोशी यांचा परदेशवास : दिनक्रमातील स्वनिर्णय

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात दोन प्रसंगांना नेहमीच अग्रस्थान लाभले आहे : १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी केलेले भाषण आणि १८८६ सालचा पदवीदान समारंभ. या दोहोंच्या मधला काळ बहुधा अभ्यासाचा व आजारपणाचा म्हणून थोडक्यात आटोपला जातो. वास्तविक आनंदीबाईंच्या व्यक्तित्वाची घडण समजून घ्यायची, तर फिलाडेल्फियातील त्यांच्या एकाकी दिनक्रमाकडेच वळावे लागते.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे जन्मलेल्या यमुनेचे वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळरावांच्या टपालखात्यातील नोकरीमुळे बिऱ्हाड सतत हलत राहिले. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला. काय शिकावे, कोठे राहावे, कोणता पोशाख करावा, हे सारे पतीने ठरवावे आणि पत्नीने ते पार पाडावे, असाच या संसाराचा क्रम होता. परदेशगमनाची कल्पनाही मूळची गोपाळरावांचीच. मात्र ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीवर पाऊल ठेवले, ते एकट्या आनंदीबाईंनी.

४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांचा उन्हाळा गेला. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या, आणि त्या संबोधनातच परक्या घराचे माहेर झाले. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा हा आधारही दूर राहिला. अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांचे ममत्व होते, तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली. तरी खोली एकटीची होती. स्वयंपाक, शेकोटी, धुणे आणि अभ्यास यांची सांगड अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःच घालायची होती.

स्वधर्माप्रमाणे राहून परत येईन, असे वचन देऊन त्या गेल्या होत्या. हे वचन व्याख्यानपीठावर उच्चारणे एक, आणि बर्फ पडत असता चुलीपाशी पाळणे दुसरे. आहार शाकाहारीच राहिला. पोशाखाच्या बाबतीत मात्र त्यांनी विचारपूर्वक फेरबदल केला. नऊवारी नेसणीत पायांचा खालचा भाग उघडा राहतो आणि त्या हवेत ते सोसवेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची नेसण स्वीकारली. लुगडे सोडले नाही, नेसण बदलली. काय टिकवायचे आणि काय हवेच्या स्वाधीन करायचे, याचा विवेक या लहानशा निर्णयात दिसतो. खोलीतली शेकोटी जुनी होती. ती पेटवली की धूर कोंडे, विझवली की गारठा, आणि या दोहोंतून निवड रोजच करावी लागे. प्रकृती ढासळत गेली, तिचे मूळ एकाच कारणात शोधणे युक्त नव्हे. पण निष्ठेची किंमत शरीराने मोजावी लागत होती, एवढे निश्चित.

या एकान्तवासाचे खरे फलित पत्रव्यवहारात उमटले आहे. गोपाळरावांची पत्रे कधी उत्तेजन देणारी, कधी बोचरी असत. त्यांना उत्तर देताना आनंदीबाईंनी बालपणी सोसलेल्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. अंतिम हेतूकडे पाहता ती वागणूक योग्य वाटते, परंतु बालमनावरील परिणाम पाहता ती अयोग्यच ठरते, असा दुहेरी निवाडा त्यांनी दिला. कृतज्ञता न सोडता न्याय मागणारा हा स्वर कल्याणच्या वा कलकत्त्याच्या बिऱ्हाडात उमटणे कठीण होते. जिला स्वतःचा दिवस स्वतः आखावा लागला, तिलाच स्वतःच्या भूतकाळाचा निवाडाही करता आला.

१८८५ मध्ये गोपाळराव अमेरिकेत आले आणि हे एकाकीपण संपले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची नेमणूक हाती असताना त्या स्वदेशी परतल्या, परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

गोपाळरावांनी घडविलेली स्त्री, ही आनंदीबाईंची प्रतिमा कॅरोलिन डॉल यांच्या १८८८ मधील इंग्रजी चरित्रानंतर शतकभराहून अधिक काळ अनेक रूपांत वावरत आली आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीच्या शीर्षकातही ही दोन नावे जोडूनच येतात. ही प्रतिमा असत्य नव्हे, पण अपुरी आहे. प्रवासाची दिशा पतीने दाखविली असली, तरी तिथले जगणे आनंदीबाईंनी स्वतः उभारले. त्यांच्या रक्षेला पुढे न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली. ज्या मावशीने परक्या देशात त्यांना घर दिले, तिच्याच आप्तांच्या सान्निध्यात त्या विसावल्या.