‘गुलामगिरी’चे अर्पण : महात्मा जोतीराव फुले

बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले या तिघांना बाबासाहेबांनी गुरू मानले, हे आमच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्यास ठाऊक आहे. जोतीरावांना तरुणपणी भेटलेला ग्रंथकार मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना परिचित आहे. म्हणून आरंभ त्याच्यापासून करतो.

टॉमस पेन हा इंग्लंडातील एका साध्या कारागिराचा मुलगा. १७७४ मध्ये तो अमेरिकेस गेला आणि १७७६ च्या जानेवारीत ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लिहून त्याने वसाहतींना इंग्लंडच्या राजाशी नाते तोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी ४ जुलै रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे त्यात घोषित झाले. पण गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा मसुद्यातील भाग गाळला गेला, आणि सह्या करणाऱ्यांतील अनेकजण स्वतः गुलामांचे मालक होते. हक्क कागदावर आले, माणसे बेडीतच राहिली.

पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ १७९१-९२ मध्ये निघाला. सुमारे अर्धशतकानंतर, १८४७ च्या सुमारास, पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी तो आपले ब्राह्मण मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह वाचला. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई त्यांच्या बालपणीच वारल्या, सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत माळ्याचा मुलगा बरोबरीने चालतो म्हणून त्यांचा अपमान झाला. पुस्तकातील हक्क आणि पुण्याचा रस्ता यांतील अंतर त्यांनी त्या दिवशी मोजले असावे, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोकांच्या दडपणाखाली वडील गोविंदरावांनी दोघांना घराबाहेर काढले, पण शाळांचे काम थांबले नाही. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे महाडास बाबासाहेबांना काय करावे लागले, हे आठवले की या एका हौदाचे मोल कळते.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केलेली आहे. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली होती. पण थोड्याच वर्षांत दक्षिणेकडील राज्यांनी मुक्त झालेल्यांचे हक्क एकेक करून हिरावले. जोतीरावांची आशा या बाबतीत वास्तवाच्या पुढे धावली, हे मान्य केले पाहिजे.

आमच्या पालघरच्या मुलखात तो शब्द परका नाही. डहाणू-उंबरगाव पट्ट्यात लग्नाच्या कर्जापायी वारली जोडपी जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. ‘गुलामगिरी’ निघून सत्तरांहून अधिक वर्षे लोटल्यावर, १९४५ मध्ये, वारल्यांनी उठाव करून त्या प्रथेवर घाव घातला.

१८८८ मध्ये पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. त्यात सत्यवर्तनाची तेहतीस कलमे आहेत, आणि आम्ही त्यांना मराठीतील हक्कांचा जाहीरनामाच मानतो. अमेरिकेच्या जाहीरनाम्यात स्त्रियांचे नाव नाही. जोतीराव मात्र स्त्री आणि पुरुष असे दोघांचेही नाव घेऊन दोघांना जन्मतः स्वतंत्र ठरवितात. याच ग्रंथात एका कुटुंबाचे चित्र आहे. घरातील बाईने हवे तर बौद्ध धर्म स्वीकारावा, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने इस्लाम, मुलाने सत्यधर्म, आणि सर्वांनी एकाच छपराखाली प्रेमाने राहावे. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या कितीतरी आधी हे लिहिले गेले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. ते पुस्तक पुढील वर्षी छापून निघाले.